४२व्या वर्षी खांद्याने साथ सोडली, घरात २६ वर्षांचा भाचा अजून ‘लागला’ नाही. यात वयाचं किती?

मकरपुरावाला · सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४२. बडोद्यात दांडिया बाजारात आजोबांपासूनचं घर आहे. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, टूलरूमला (साचे आणि कापायची हत्यारं बनवतात तिथे) आहे, १९ वर्षं एकाच कंपनीत. नवव्या वर्षापासून मल्लखांब करतो. बडोद्याच्या व्यायामशाळेचे उस्ताद जुम्मादादा आणि माणिकराव यांची नावं ऐकतच आम्ही मोठे झालो. स्पर्धा पंचविशीत सुटल्या, खांब सुटला नाही. गेली १२ वर्षं रोज संध्याकाळी मुलांना शिकवतो.

दिवाळीनंतर पहिली गोष्ट लक्षात आली ती लंगोटाच्या गाठीची. डावा हात पाठीमागे जाईना. पूर्वी तो सहज कण्यापर्यंत जायचा, आता पँटच्या मागच्या खिशापाशी थांबतो. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. वाटलं, स्नायू आखडला असेल, एरंडेल तेल आहेच, चोळून जाईल. मग तीन आठवड्यांपूर्वी मुलांना दसरंग (मल्लखांबावरचा एक प्रकार) दाखवताना डावा हात वेळेवर वर पोहोचलाच नाही आणि मी गादीवर आलो. लागलं काही नाही. ११ वर्षांची एक मुलगी धावत आली, “सर, लागलं का?” हा प्रश्न मी मुलांना विचारतो. मला आजवर कुणी विचारला नव्हता. त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हापासून सगळंच मोजायला लागलोय. मायक्रोमीटरच्या रेघा हात लांब करून वाचाव्या लागतात. चष्मा लावला. आपल्या भाषेत त्या चष्म्याचं नावच चाळिशी आहे, त्यामुळे त्याचं तेवढं वाटलं नाही. पण नव्या मशीनचं कंट्रोल पॅनल आलं, ते २३ वर्षांच्या अप्रेंटिसने चार दिवसांत उचललं, मला दोन आठवडे लागले. पहाटे तीनला जाग येते. पोट सुटलंय, खाणं तेच असून.

आता दुसरी बाजू. माझा भाचा दीड वर्षापासून आमच्याकडे आहे. ताई सुरतेला असते. मुलगा २६ वर्षांचा, मेकॅनिकल केलंय. पहिली नोकरी आठ महिन्यांत सोडली, दुसरी पाच. आता खोलीत बसून डेटाचा कोर्स करतो. लग्नाचं नाव काढलं की उठून जातो. ताईचा रोज रात्री फोन, “तू मामा आहेस, तू बोल.” मी २४व्या वर्षी कायम झालो, २५व्या वर्षी लग्न, २७व्या वर्षी मुलगी. ती यंदा दहावीला आहे. बाबा ७४ वर्षांचे, त्यांची औषधं, त्यांचं पेन्शनचं काम, सगळं माझ्याकडे. आई दोन वर्षांपूर्वी गेली.

लिहायला जड जातंय, पण खरं ते लिहितो. मला त्या मुलाचा हेवा वाटतो. त्याचा खांदा चांगला आहे आणि तो त्याचं काहीच करत नाही. रागाने दोनदा बोललो त्याला, बाबांसमोर.

मला विचारायचंय ते असं. शरीराचं हे सगळं वयाने होतंय का, आणि आता ते थांबणारच नाही का? डोकंही मंद होतंय का? आणि २६व्या वर्षी माणूस उभा राहिलेला असायला हवा, हे माझं म्हणणं चुकीचं आहे का? हे तीन वेगळे प्रश्न असतील, पण माझ्या डोक्यात रात्री तीनला ते एकत्रच येतात.

फिजिओ_कारेलीबाग · मंगळवार, सकाळी ७.३५

दादा, आधी खांद्याचं. बाकीचं थांबू शकतं.

दुसऱ्या कोणाला तरी तुमचा डावा हात धरून हळूच बाहेर फिरवून पाहू द्या, कोपर अंगाला चिकटलेलं ठेवून. तुम्ही स्वतः फिरवताना अडतो आणि दुसऱ्याने फिरवला तरी तिथेच अडतो, असं असेल तर स्नायू आखडण्यापेक्षा सांध्याभोवतीची पिशवी आवळल्याची शक्यता जास्त. फ्रोझन शोल्डर म्हणतात तो हा. ४० ते ६० या वयात तो जास्त दिसतो, म्हणून लोक “वय झालं” म्हणून सोडून देतात. पण त्याचा मधुमेहाशी फार जवळचा संबंध आहे. आधी खांदा घेऊन येतात आणि मग साखर सापडते, असे पेशंट मी दर महिन्याला पाहते. पोट सुटलंय म्हणताय, म्हणून उद्याच एचबीए१सी करा, गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. टेप घेऊन बेंबीपाशी पोट मोजा. आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या आत राहायला हवं, बायकांना ८०. तेल चोळणं सध्या बंद, आणि जोर लावून हात मागे खेचणं तर अजिबात नको. ऑर्थोपेडिकला दाखवा, हा आजार इथे वाचून ठरत नाही.

आता वयाचं. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढते, नंतर टिकवायची असते. स्नायूंचं वस्तुमान तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के कमी होतं, त्यातही झटक्याने काम करणारे तंतू आधी. म्हणून तुम्हाला ताकद आहे असं वाटतं पण हात ‘वेळेवर’ पोहोचत नाही. डोळ्याचं भिंग चाळिशीच्या आसपास कडक होतं, जवळचं दिसेनासं होतं, ते सगळ्यांचं होतं, पैलवानाचंही. हे झालं वयाचं.

पण “चाळिशीत चयापचय मंदावतो” हे मी रोज ऐकते आणि रोज खोडून काढते. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २९ देशांतली ६,४०० हून जास्त माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायू-चरबीचं प्रमाण हिशोबात घेतल्यावर २० ते ६० या वयात शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च जवळजवळ तोच राहतो. मग पोट का सुटतं? पंचविशीत स्पर्धेसाठी तीन तास घाम गाळत होता, आता शिकवता. शिकवताना उभे असता. खाणं मात्र स्पर्धकाचंच राहिलं. रागवू नका, मी शिक्षकांना हे नेहमी सांगते.

आणि “थांबणारच नाही का” याचं उत्तर. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. तुम्ही ४२ चे आहात.

भाच्यालाही खांबापाशी न्या. तो ज्या वयात खोलीत बसलाय, त्याच वयात हाडांची शेवटची भर पडते.

निजामपुरा२७ · मंगळवार, दुपारी १.२०

मी त्या भाच्याच्या जागेवर आहे म्हणून लिहितो. २७ पूर्ण. माझाही मामाच आहे, आणि तोही चांगला माणूस आहे.

काका, तुम्ही २४व्या वर्षी कायम झालात. माझ्या वर्गातल्या ६० जणांत आज ‘कायम’ कुणीच नाही. ११ महिन्यांचा करार, मग पुन्हा ११ महिन्यांचा. पहिल्या नोकरीत मला शिफ्टला दोन ऑपरेटर्सचं काम द्यायचे, हातात १४ हजार. सोडली तेव्हा घरच्यांनी “टिकत नाही” म्हटलं. मी कुठून पळतोय हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी मी कुठे चाललोय हेच विचारलं, आणि ते मला माहीत नव्हतं.

लग्नाबद्दल. एखादी मुलगी आवडते, पण तिला काय सांगू, मार्चनंतर मी कुठे असेन ते? उठून जातो तो त्यासाठी असेल. विचारून बघा. बाबांसमोर नको.

विश्वामित्री · मंगळवार, रात्री ९.०५

मी एमएस युनिव्हर्सिटीत मानव विकास शिकले, तेव्हा गावात सगळे त्याला होम सायन्सच म्हणायचे. आता ५८ वर्षांची आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण निजामपुरावाल्या मुलाने तो अर्धा सोडवलाय.

२६व्या वर्षी माणूस उभा असायला हवा, हे घड्याळ तुमच्या अंगात नाही, समाजाच्या भिंतीवर आहे. बर्निस न्यूगार्टन या अमेरिकन बाईंनी १९६० च्या दशकात याला ‘सोशल क्लॉक’ म्हटलं. नोकरी कधी, लग्न कधी, मूल कधी, याचं प्रत्येक समाजाचं एक वेळापत्रक असतं आणि माणूस स्वतःला त्यावर लवकर किंवा उशिरा ठरवतो. तुमच्या आजोबांचं घड्याळ वेगळं होतं. २००० साली जेफ्री आर्नेट यांनी १८ ते २५ या काळाला वेगळं नाव दिलं, धड किशोर नाही, धड प्रौढ नाही, अशी उमलती प्रौढावस्था. पण ते सगळ्या जगाला लागू करण्याआधी थांबायला आम्हाला शिकवलं होतं. आमच्याच विभागातल्या टी. एस. सरस्वती यांनी १९९९ मध्ये भारताबद्दल हाच प्रश्न किशोरावस्थेवर विचारला होता, ती इथे खरोखर आहे का? त्यांचं म्हणणं, ते वर्गावर आणि मुलगा की मुलगी यावर ठरतं. गरिबाघरची मुलगी बालपणातून थेट संसारात जाते, तिला मधली पायरी मिळतच नाही. तुमच्या भाच्याला ती मिळाली, कारण मामाचं घर आहे. ही मी तक्रार म्हणून लिहीत नाही. घरात जागा असणं ही मोठी गोष्ट तुम्ही त्याला दिली आहे, आणि ती देत असल्याचं तुमच्या पत्रात कुठे लिहिलेलंच नाही.

डोक्याबद्दल. मंद होतंय का? एक बाजू होते. झटपट नवं पकडणं, वेगाने तुलना करणं, हे विशी-तिशीपासूनच उतरायला लागतं. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटलला सुरू केलेल्या अभ्यासात तीच माणसं दर सात वर्षांनी पुन्हा तपासली. वेग आधी उतरतो, पण शब्दांचा अर्थ, तर्क लावणं, अवकाशाचं भान यांचं शिखर मध्यमवयातच सापडलं. आता तुम्ही सांगा. टूलरूममध्ये टूल घासलं गेलंय हे तुम्ही पॅनल बघून ओळखता की आवाजावरून? आणि तो अप्रेंटिस?

उरली ती रात्री तीनची जाग. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले. तरुण प्रौढाचा प्रश्न जवळिकीचा, कुणाशी स्वतःला बांधून घेता येतं का. मध्यमवयाचा प्रश्न, माझ्यानंतर येणाऱ्यासाठी मी काही जपतोय, वाढवतोय का, की साचलोय. हे एरिक्सन १९६२ मध्ये अहमदाबादला आले होते, जीवनचक्रावर चर्चासत्र घ्यायला. तिथे त्यांना गांधीजींनी मजुरांच्या बाजूने चालवलेला अहमदाबादचा १९१८ चा गिरणी संप सापडला आणि त्यावर त्यांनी कित्येक वर्षं घालवली. गांधीजी त्या वेळी ४८ चे होते. समोर गिरणीमालक अंबालाल साराभाई २८ चे, आणि मजुरांच्या बाजूने अंबालालांचीच बहीण अनसूयाबेन, ३२ च्या. एरिक्सन यांना त्यात मध्यमवयाचा माणूस दिसला, जो पुढच्या पिढीशी लढतानाही तिला तोडत नाही. मालकांशी भांडण चालू असताना अंबालालांच्या घराशी गांधीजींचा जिव्हाळा तसाच होता. मला हे उदाहरण नेहमी आठवतं ते घरातली भांडणं पाहिली की.

‘मिड-लाइफ क्रायसिस’ हा शब्द १९६५ मध्ये एलियट जॅक्स यांच्या लेखातून रूढ झाला. नंतर लेव्हिन्सन यांनी ४० पुरुषांच्या मुलाखती घेऊन चाळिशीची उलथापालथ जवळजवळ सगळ्यांना होते असं मांडलं, पण ते सगळे अमेरिकन पुरुष होते. पुढच्या मोठ्या पाहण्यांत बहुतेकांना तसं संकट आलेलंच दिसलं नाही. ज्यांना आलं त्यांच्याही बाबतीत त्याला बहुतेकदा एखादं कारण होतं, आजार, मृत्यू, नोकरी. तुम्ही दोन वर्षांपूर्वी आई गेल्याचं एका वाक्यात लिहून पुढे गेलात. तिथे जरा थांबा.

रावपुऱ्यातली काकू · बुधवार, सकाळी ६.१५

बाळा, वय ६३ माझं. वरचं सगळं वाचलं. एकच गोष्ट घालते. तुझी बायको किती वर्षांची? चाळिशीच्या आसपास असेल. आपल्याकडे बायकांची पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे आणि त्याच्या चार-पाच वर्षं आधीपासून झोप उडणं, घाम फुटणं, चिडचिड हे सुरू होतं. मी ४४ ची असताना पहाटे तीनला गच्चीत जाऊन बसायची. आमचे हे वर यायचे नाहीत, त्यांना वाटायचं मी रागावलेय. मला वाटायचं त्यांना काही पडलेलं नाही. चार वर्षं गेली त्यात. तू तीनला जागा असतोस तेव्हा तीही जागी आहे का ते बघ.

मकरपुरावाला · पुढच्या मंगळवारी, रात्री १०.४५

सगळ्यांचे आभार. आठवडा घेतला, कारण उत्तर द्यायला काहीतरी हवं होतं.

एचबीए१सी ६.१ आली. पोट ९७ सेंटीमीटर. डॉक्टरांनी खांदा फ्रोझनच सांगितला. दुसऱ्याने फिरवला तरी तिथेच अडतो, ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच. पूर्ण सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात म्हणाले. गोळ्या नाहीत, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. रविवारचं सेव-उसळ आणि रोजचा संध्याकाळचा फरसाण बंद केलाय. बाबांनी त्यांचंही बंद केलं, मी सांगितलं नव्हतं.

विश्वामित्रीताई, टूल मी आवाजावरूनच ओळखतो. शनिवारी मुद्दाम लक्ष दिलं. अप्रेंटिसला बोलावून डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, आता ऐक, हा बोथट इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक), हा नवा. त्याला तिसऱ्यांदा फरक कळला. मग त्याने मला पॅनलचं ऑफसेटचं (टूलच्या मापाची दुरुस्ती भरायचं) पान पुन्हा दाखवलं, आणि या वेळी मी वहीत लिहून घेतलं. १९ वर्षांत मी हे कुणाला शिकवलं नव्हतं. खांबावर शिकवतो, टूलरूममध्ये का नाही शिकवलं, माहीत नाही.

आईबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मोबाइल ठेवून दिला होता. त्यावर आत्ता एवढंच.

काकू, ती जागी असते. तिने सांगितलं, सात-आठ महिने झाले. आम्ही दोघं एकाच पलंगावर डोळे मिटून पडलेलो असायचो. आता चहा करतो, तीनला. तिची तपासणी शुक्रवारी आहे.

भाच्याशी बोललो. घरात नाही, सुरसागरच्या काठाने दोन फेऱ्या मारल्या. आधी मी बाबांसमोर बोललो त्याची माफी मागितली. पहिली फेरी तो गप्प होता. दुसऱ्या फेरीत म्हणाला, मामा, पप्पांची नोकरी गेली तेव्हा ते ४५ चे होते, एकाच कंपनीत २१ वर्षं काढल्यावर. मी तेव्हा बारावीत होतो. त्यानंतर ते दोन वर्षं घराबाहेर पडले नाहीत. मला एकाच ठिकाणी अडकायची भीती वाटते. हे ताईने मला कधी सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नसेल. मी त्याला काही सल्ला दिला नाही. ताईला फोन करून सांगितलं, लग्नाचा विषय माझ्याकडे सहा महिने काढायचा नाही.

व्यायामशाळेत तो काल आला, बसून बघत होता. खांबावर चढला नाही. मीही म्हटलं नाही.

फिजिओताई, एक विचारायचंय. मुलांना शिकवणं चालू ठेवू ना? आणि दोरीला नुसतं लटकणं कधी सुरू करू?

फिजिओ_कारेलीबाग · बुधवार, सकाळी ७.१०

शिकवणं चालू ठेवा, उजव्या बाजूने दाखवा, बाकी तोंडाने सांगा. तुमचे मोठे विद्यार्थी असतील ना, त्यांना दाखवायला लावा. लटकणं आत्ता नाही. आधी भिंतीवर बोटांनी वर चालत जायचं, दिवसातून तीनदा, दुखायला लागलं की थांबायचं. भिंतीवर रोज पेन्सिलने खूण करा आणि तारीख टाका. सहा आठवड्यांनी त्या खुणांचा फोटो इथे टाका, मग दोरीचं बोलू.

मकरपुरावाला · बुधवार, रात्री ९.३०

पहिली खूण केली. जमिनीपासून १३८ सेंटीमीटर. टेप भाच्याने धरला होता.